काल्याचे कीर्तन : खेळगडी

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

मंडळी, आज काला. सात दिवस नाम झालं, वैराग्य झालं, आणि शेवटच्या दिवशी कीर्तनकार काय सांगतो? पोरांचे खेळ! विटीदांडू, चेंडू, हमामा, हुतुतू. तुकोबारायांच्या गाथ्यात या खेळांवर अभंग आहेत. वैकुंठीचा राणा गोकुळात आला तो काय गादीवर बसून राहिला? धावला, पडला, धुळीनं माखला. भागवताच्या दशम स्कंधात कथा आहे. खेळात देव हरला, आणि ठरल्याप्रमाणे श्रीदाम्याला पाठीवर घेऊन चालला. त्रैलोक्याचा धनी, बरं का, गवळ्याच्या पोराचं घोडं झाला! मोबाईलच्या खेळात हरलं तर काय? बोट लावायचं, डाव पुन्हा पहिल्यापासून. पाठीवर कुणाला घ्यायला लागत नाही.

आता यशोदामाय बघा. लोण्यासाठी त्या कान्ह्यामागं धावता धावता घामाघूम झाली, वेणीतली फुलं गळली. आणि आमची माय? घास भरवायचा तर आधी मोबाईल पुढं. लेकरू पडद्याकडं बघतं, तोंड उघडतं, गिळतं. भात खाल्ला की भाकरी, त्याला पत्ता नाही. मी एकट्या मायला बोल लावत नाही. तिच्या पदरी चूल, धुणं, शेत, नोकरी. बाप पलीकडं खाटेवर स्वतःच्या मोबाईलात. त्यानं एक घास भरवला तर काय हात झिजतो का?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगून ठेवलंय, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या पोराला दिवसाला फार तर एक तास. आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल असं हलावं. तुम्ही माउलींबरोबर आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालता, आणि नातवाला हाकेवरच्या शाळेत गाडीवर सोडता! चालवा की त्याला, बोट धरून. वाटेत हरिपाठ होईल.

एक आजोबा म्हणाले, "महाराज, आम्ही मोबाईलवर तुमचंच कीर्तन बघतो." बघा. पण मांडीवरच्या नातवाला कीर्तन कळत नाही. आजोबांची मान खाली आहे एवढंच त्याला दिसतं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच सांगतात, की थोर माणूस वागतो तसे बाकीचे वागतात; आणि ज्ञानोबारायांनी तिथं वडीलधाऱ्यांचं नाव घेतलंय. पोराच्या हातातला मोबाईल हिसकावून आपण त्यातच डोकं घातलं, तर त्याला शिकवण कुठली मिळाली?

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 साली त्या गावानं ठरवलं, संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास घरातला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. आधी काही जण हसले म्हणतात. पण गावातल्या बायकांनी विषय उचलून धरला, आणि गाव लागलं कामाला. यातली खूण ध्यानात घ्या. भोंगा पोरांपुरता नव्हता. म्हातारा, तरणा, सून, सासू, सगळ्यांना एकच. एकट्या पोराला शिक्षा केली की ते रडतं. सगळं घर बसलं की त्याला ते व्रत वाटतं.

पहिले आठ दिवस पोर किरकिर करणार, हे आत्ताच सांगतो. पाय आपटेल, जेवणार नाही म्हणेल. तेव्हा "जा, बाहेर खेळ" एवढं बोलून भागत नाही. कुणाबरोबर खेळू, हा त्याचा प्रश्न खरा आहे. शेजारची चार पोरं आजीनं हाका मारून गोळा करावीत. बापानं विटी कोलावी. न येईना का, हसतील पोरं, हसू द्या.

काल्यात काय असतं? कुणाची दही-भाताची शिदोरी, कुणाची नुसती शिळी भाकर. सगळं एकत्र कालवलं आणि देवानं उष्टं मागून खाल्लं. ज्याचा त्याचा मोबाईल ज्याच्या त्याच्या हातात, त्याचा काला व्हायचा कसा?

असो. हंडी बांधून तयार आहे. ती मागं भिंतीला टेकलेली पोरं पुढं येऊ द्या, माउली, वाट करा. टाळ द्या त्यांच्या हातात. बोला, गोपाळकृष्ण भगवान की जय!