टक्केवारी शरीराची की जगण्याची?



दिव्यांगत्व मोजण्याची शासनाची फूटपट्टी शरीरापुरतीच आहे. गुडघ्याखाली पाय गमावलेला शहरातील कारकून खुर्चीवर बसून नोकरी टिकवू शकतो. तलासरीत चिखलात उभा राहून भातलावणी करणारा, डहाणूच्या वाडीत चिकूच्या झाडावर चढणारा मजूर मात्र त्याच इजेने पुरता बेकार होतो. तरीही दोघांची टक्केवारी एकच! केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला 80 टक्क्यांची अट आहे. त्या रेषेखालचा मजूर दरमहाच्या 300 रुपयांनाही मुकतो.

वस्तुतः 2016 च्या कायद्याची व्याख्याच सांगते की, व्यक्तीची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगातून दिव्यांगत्व घडते. मग मोजमापात हे अडथळे कोठे आहेत?

वैद्यकीय तपासणी हवीच. परंतु माणूस कोणते काम करीत होता आणि आता काय करू शकतो, याचीही पाड्यावर जाऊन नोंद व्हावी. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996 च्या पेसा कायद्याने लाभार्थी निश्चित करण्याची जबाबदारी ग्रामसभेवर सोपविली आहे. 1945 साली याच भूमीतील वारल्यांनी वेठ नाकारली. आज येथील ग्रामसभांनी ही अपुरी फूटपट्टी नाकारावी, आणि आपण त्यांच्या पाठीशी उभे राहावे.