परदेशांतील पैसा आणि न दिसणारा बट्टा



परदेशगमन ही आतां मूठभर श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाहीं. वर्ध्यासारख्या जिल्ह्यांतूनहि मुलें शिक्षणासाठीं जर्मनीस वा अमेरिकेस जातात आणि त्यांना भेटावयास आईबाप उतारवयांत पहिल्यानेंच पासपोर्ट काढतात. यासाठीं लागणारा पैसा सहज आलेला नसतो. कोठें शेत गहाण पडतें, कोठें भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढावी लागते. अशा पैशांतून शेंकडा चार-पांच रुपये वाटेंतच गळून जावे आणि घरांत कोणास त्याचा पत्ताहि लागूं नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ही गळती कोठें होते आणि ती कशी थांबवावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

या गळतीला आपल्या भाषेंत जुनीं नांवें आहेत. एका गांवचा पैसा दुसऱ्या गांवीं हुंडीनें पाठवितांना सराफ जी मजुरी घेई ती हुंडणावळ. आणि एक नाणें देऊन दुसरें घेतांना जी तूट सोसावी लागे तो बट्टा. निजामाच्या राज्यांत हाली शिक्का चाले, आपल्याकडे इंग्रजी कलदार. सात हाली रुपयांस सहा कलदार हा साधारण भाव. ज्यांच्या लेकीबाळी त्या मुलुखांत दिलेल्या असत, त्यांना हा हिशेब तोंडपाठ असे, असें आम्हीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलें आहे. भाव ठाऊक असलेला मनुष्य समोर बसला म्हणजे सराफास फारसें ओढतां येत नसे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, पुढें हालीहि चलनांतून गेला. परंतु बट्टा कांहीं गेला नाहीं. तो आतां दुकानाच्या पाटीवर, कार्डाच्या नियमांत आणि यंत्राच्या पडद्यावर जाऊन बसला आहे.

पाटीचेंच उदाहरण घेऊं. हिशेबाच्या सोयीसाठीं बाजारांत एका युरोचा भाव १०० रुपये आहे असें धरा. एका दुकानदाराच्या पाटीवर ‘कमिशन नाहीं’ असें ठळक अक्षरांत लिहिलें आहे आणि तो युरो १०४ रुपयांस देतो. दुसरा ५०० रुपये आकार उघडपणें मागतो, पण युरो १०१ रुपयांस देतो. हजार युरो घेणारास पहिल्याकडे १,०४,००० रुपये पडतील, तर दुसऱ्याकडे १,०१,५०० रुपये. ‘कमिशन नाहीं’ म्हणणारा अडीच हजारांनीं महाग ठरला! म्हणून आकार किती, हा प्रश्न पुरेसा नाहीं. ‘सर्व धरून माझ्या खिशांतून किती रुपये जातील आणि हातीं किती परकी पैसा येईल?’ असें विचारावें आणि मिळालेला भाव त्या दिवसाच्या बाजारभावाशीं ताडून पाहावा. हा एक प्रश्न ज्यानें लक्षांत ठेवला, त्यास पुढचें सर्व सोपें आहे.

आतां पैसा बरोबर नेण्याविषयीं. बहुतेक देशांस जातांना एका प्रवासास ३,००० डॉलरपर्यंतच रोख परकी नोटा मिळतात. बाकीचा पैसा कार्डावर न्यावा लागतो. लागतील तेवढ्या नोटा निघण्यापूर्वीं आठवडाभर आधीं, दोन-तीन ठिकाणीं भाव विचारून, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या ठिकाणींच घ्याव्या. विमानतळावरील खिडकीवर भाव बहुधा वाईट असतो, कारण तेथें येणारा मनुष्य अडलेला असतो. अदलाबदलीवर जीएसटीहि बसतो. एक लाख रुपयांवर तो साधारण १८० रुपये होतो. म्हणजे खरी तफावत कराची नसून भावाची आहे.

फॉरेक्स कार्ड ज्या देशास जावयाचें त्या देशाच्या नाण्यांतच भरावें. डॉलर भरलेलें कार्ड युरोपांत वापरलें, तर रुपयाचा डॉलर करतांना एकदां आणि डॉलरचा युरो करतांना पुन्हां, असा दुहेरी बट्टा बसतो. गरजेपेक्षां फार भरूंहि नये. उरलेली रक्कम परत रुपयांत आणतांना खरेदीचा उतरता भाव लागतो.

आपल्या नेहमींच्या कार्डाचें काय? पुष्कळ क्रेडिट कार्डांवर परदेशांतील खर्चावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार असतो आणि त्या आकारावर पुन्हां १८ टक्के जीएसटी. लाख रुपयांच्या खर्चावर हे ४,१३० रुपये झाले. कांहीं कार्डांवर हा आकार कमी असतो, कांहींवर मुळींच नसतो. तेव्हां बँकेंत जाऊन आधीं विचारावें. क्रेडिट कार्डानें रोख रक्कम मात्र काढूं नये, कारण तिच्यावर आकाराखेरीज पहिल्या दिवसापासून व्याजहि चढतें. डेबिट कार्डानें काढावयाची झाल्यास दर खेपेचा ठराविक आकार ध्यानांत घेऊन वारंवार थोडी थोडी काढण्याऐवजीं मोजक्या खेपांत काढावी. आणखी एक गोष्ट: २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर परदेशांतील व्यवहार आपण सांगितल्याशिवाय सुरू होत नाहीं. तो घरूनच सुरू करून घ्यावा. नाहीं तर परक्या शहरांत पोंचतांच हातीं चालणारें कार्ड नाहीं, आणि मिळेल त्या भावानें पैसे बदलणें भाग, अशी गत होते.

सर्वांत गोड बोलून फसविणारा बट्टा यंत्राच्या पडद्यावर असतो. परदेशांत दुकानांत कार्ड लावलें कीं, ‘रुपयांत द्यावयाचे कीं येथील नाण्यांत?’ असें यंत्र विचारतें. रुपये म्हणजे आपला ओळखीचा माणूस, असें वाटून वृद्ध प्रवासी तेंच बटण दाबतात. परंतु तसें केल्यानें भाव ठरविण्याचा अधिकार त्या यंत्रवाल्याकडे जातो आणि तो भाव बहुधा चढा असतो. शिवाय कांहीं बँका अशा व्यवहारावरहि आपला आकार घेतात. एटीएमवरहि हाच प्रश्न येतो. दोन्हीं ठिकाणीं उत्तर एकच: त्या देशाचें नाणें निवडावें.

शेजारच्या कांहीं देशांत वाट अधिक सोपी आहे. भूतानचें नाणें आपल्या रुपयाच्या बरोबरीनें चालतें आणि नेपाळांत आपला एक रुपया म्हणजे तेथील १.६० रुपये, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. २०२४ च्या फेब्रुवारींत श्रीलंका आणि मॉरिशस येथेंहि आपली यूपीआय पद्धत सुरू झाली. सोय असेल तेथें वापरावी. मात्र तेथेंहि भाव पाहूनच.

मुलांना पैसा पाठविण्याचा प्रसंग याहून नाजूक आहे. जर्मनींत शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यानें एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो तेथील बंद खात्यांत आधीं भरावे, असा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा नियम आहे. म्हणजे महिना ९९२ युरो. वरच्या उदाहरणांतील चार रुपयांचा बट्टा येथें धरला, तर ४७,६१६ रुपये केवळ भावांत गेले. त्या मुलाचा जवळजवळ पंधरा दिवसांचा निर्वाह तो! शिवाय वाटेंतील मध्यस्थ बँक आपला आकार मूळ रकमेंतूनच कापून घेऊं शकते. वीस युरो जरी कमी पोंचले, तरी खातें अपुरें राहतें आणि व्हिसाचें काम खोळंबतें. म्हणून अर्ज भरतांना ‘सर्व खर्च पाठविणाराकडे’ हा पर्याय लिहून घ्यावा आणि पलीकडे नेमके किती पोंचतील, हें बँकेस विचारावें.

वर्षाकाठीं दहा लाख रुपयांवर रक्कम गेली कीं, बँक कांहीं कर आगाऊ घेते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. तो आकार नव्हे. आयकराच्या विवरणपत्रांत त्याचा हिशेब दाखवून वळता करून घेतां येतो किंवा परत मिळतो. त्याचा दाखला जपून ठेवावा. शैक्षणिक कर्जाचा आणि सहलीच्या पॅकेजाचा नियम वेगळा आहे, तो त्या त्या वेळीं विचारून घ्यावा.

आकार चुकविणें आणि कायदा चुकविणें यांतील भेद मात्र विसरूं नये. ‘बँकेपेक्षां चांगला भाव देतों, पावती नको’ असें म्हणणारा मनुष्य भेटतोच. १९९९ च्या परकी चलनाच्या कायद्यान्वयें असा व्यवहार बेकायदेशीर आहे आणि पैसा बुडाला तर दाद मागावयास जागा नाहीं. घरीं परतल्यावरहि २,००० डॉलरहून अधिक नोटा उरल्या असतील, तर अधिकच्या नोटा १८० दिवसांच्या आंत परत कराव्या लागतात.

शेवटीं एका संवयीबद्दल सांगतों. १९३६ पासून ज्यांनीं आपल्या सेवाग्रामास वास्तव्य केलें, ते गांधीजी १८८८ सालीं विद्यार्थी म्हणून लंडनास गेले, तेव्हां पैन् पैचा हिशेब लिहून रोज रात्रीं निजण्यापूर्वीं मेळ घालीत, असें त्यांनीं आत्मकथेंत सांगितलें आहे. परदेशीं निघालेल्या आपल्या मुलामुलींस आपण पुष्कळ वस्तु बांधून देतों. त्यांबरोबर एक लहानशी वही द्यावी. तींत रोज तीनच गोष्टी लिहाव्या: तेथें किती खर्च झाला, येथें खात्यांतून किती रुपये गेले आणि त्यावरून भाव काय पडला. महिनाभरांत त्यांना कळूं लागेल कीं, कोणतें कार्ड खिशांत ठेवावें आणि कोणतें पेटींत.