कादंबरी मिटल्यानंतर

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शालेय इतिहासात दुसऱ्या महायुद्धाच्या वाट्याला मोजकीच पाने येतात. नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली व त्यांत सुमारे १५ लाख मुले होती, हे विद्यार्थी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवतो. परंतु ६० लाख ही संख्या बालमनाला पेलत नाही. दहा वर्षांची एक मुलगी मात्र पेलते. म्हणूनच जगभरच्या शाळांमधून हा विषय शिकवताना ऐतिहासिक कादंबरीचा आधार घेतला जातो. तो कसा घ्यावा, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकन लेखिका लोइस लॉरी यांची ‘नंबर द स्टार्स’ ही १९८९ सालची कादंबरी पाहावी. स्थळ जर्मनीने व्यापलेले डेन्मार्क, काळ १९४३. दहा वर्षांच्या अ‍ॅनमरीच्या घरी तिची ज्यू मैत्रीण एलन लपून राहते. मध्यरात्री सैनिक दारात येतात, तेव्हा एलनच्या गळ्यातील डेव्हिडचा तारा अ‍ॅनमरी हिसका देऊन तोडते आणि मुठीत घट्ट धरून ठेवते. इतर बहिणींचे केस सोनेरी, मग हिचेच काळे कसे, असा संशय सैनिकाला येतो. वडील दिवंगत थोरल्या मुलीचे तान्हेपणीचे छायाचित्र पुढे करतात. त्यात तिचे जावळ काळेभोर असते. हे प्रकरण वाचताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. भय म्हणजे काय आणि धैर्य म्हणजे काय, हे येथे व्याख्येविना कळते.

पण खरे अध्यापन पुस्तक मिटल्यानंतर सुरू होते. लॉरी यांनी अखेरीस जोडलेल्या टिपणात खरे काय व कल्पित काय, हे स्वतःच सांगितले आहे. अ‍ॅनमरी कल्पित आहे. मात्र बोटींची झडती घेणाऱ्या कुत्र्यांचे नाक बधिर करण्यासाठी वाळवलेले रक्त आणि कोकेन लावलेले रुमाल खरोखर वापरले गेले होते. १९४३ च्या ऑक्टोबरात डॅनिश नागरिकांनी आणि मच्छीमारांनी सुमारे ७,२०० ज्यूंना समुद्रमार्गे स्वीडनला पोहोचवले, हेही खरे.

कादंबरीत न आलेले सत्यही विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवे. ज्या गिलेलाय बंदरातून एलनचे कुटुंब निसटते, त्याच गावातील चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० ज्यू त्याच महिन्यात पकडले गेले. शिवाय डेन्मार्क हा अपवाद होता. पोलंडमधील सुमारे ३३ लाख ज्यूंपैकी सुमारे ३० लाख मारले गेले. सुटकेची एकच गोष्ट वाचलेल्या मुलाला वाटेल, की शेजारी चांगले असले की सारे सुटतात. करुणा जागी झाली, पण समज चुकीची राहिली, तर शिकवणे अपुरेच ठरते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे जॉन बॉइन यांची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही २००६ सालची लोकप्रिय कादंबरी. तीत छावणीच्या जर्मन अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी रोज गप्पा मारतो. वास्तवात ऑश्विट्झला आणलेल्या बहुतेक ज्यू मुलांना पोहोचताच विषारी वायूने मारले जाई. कथेच्या शेवटी वाचकाचे अश्रू प्रामुख्याने त्या अधिकाऱ्याच्या मुलासाठी वाहतात. या छळाचा अभ्यास करणाऱ्यांनी व तो शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे, असे ऑश्विट्झ स्मारक संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले.

तेव्हा पद्धत साधी असावी. आधी नकाशा दाखवावा. मग कादंबरी अखंड वाचू द्यावी. मध्येच प्रश्नोत्तरे नकोत. त्यानंतर वहीत दोन रकाने आखून ‘घडलेले’ आणि ‘रचलेले’ यांची नोंद मुलांनीच करावी. पुढच्या इयत्तेत अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनी द्यावी. ती कादंबरी नव्हे, आणि तिच्या शेवटच्या पानानंतर अ‍ॅनचे काय झाले, हे इतिहासातूनच शोधावे लागते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. मुलांना सैनिक आणि कैदी बनवून छळाचे नाट्य वर्गात करू नये. त्यातून वेदना कळत नाही, तिचा खेळ होतो.

हा विषय मराठी मुलांना परका वाटण्याचे कारण नाही. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतांश स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले होते. त्यांचा छळ वेगळा आणि छळणारेही वेगळे. पण युद्धाने घर हिरावलेले मूल तेच. ज्या घरांची मुळे कोल्हापूरकडची आहेत, तेथे आजी-आजोबांच्या आठवणीत ही छावणी कदाचित अजून सापडेल. त्यांना अवश्य विचारावे.

पालकांकडून अपेक्षा एकच. मूल असे पुस्तक वाचून गप्प बसले, तर त्याला लगेच दुसऱ्या गोष्टीत रमवू नये. त्याच्याजवळ बसून विचारावे, ‘यातले खरोखर काय घडले असेल?’ उत्तर घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर दोघांनी मिळून ते शोधावे.