बिननंबरी सुया
(मंडळाच्या महिला विभागाच्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



ग्वाल्हेरात गणपती उठले की घरोघरी लोकर बाहेर निघते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना याचं हसू येतं. त्यांनी पौषात पहाटे लष्करातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात उभं राहून दाखवावं! तर लोकर निघते, तिच्याबरोबर सुयांचा डबा निघतो, आणि त्या डब्यातल्या निम्म्या सुयांवर नंबरच नसतो. टोपीवरचा आकडा झिजलेला, टोपीच हरवलेली, किंवा मोज्यांच्या दुतोंडी सुया, ज्यांना टोपी नसतेच.

हा विषय आम्ही घेतला त्याला कारण घडलं. आपल्या एक ज्येष्ठ सभासद गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या सूनबाईंनी विणकामाचा डबा आमच्याकडे दिला. त्यात नातवासाठी घातलेला स्वेटर होता. पाठ पुरी, पुढचा भाग काखेपर्यंत. टाके एका राखाडी सुईवर, जोडीला एक हिरवी, आणि दोन्हींवर आकडा नाही. सूनबाई एवढंच म्हणाल्या, "पुरा झाला तर त्याला घालायला मिळेल." आता सुई चुकली तर पाठ एका मापाची आणि पोट दुसऱ्या मापाचं व्हायचं.

आधी नंबरांविषयी. दुकानात आपण "दहा नंबरची सलाई द्या" म्हणतो, तो आकडा जुन्या इंग्रजी पद्धतीचा. तो वाढेल तशी सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५ आणि १४ म्हणजे २. ही उलटी गंगा तारेच्या मापावरून आली. तार जितक्या वेळा साच्यातून ओढावी तितकी ती बारीक, म्हणून आकडा मोठा. अमेरिकेचं सरळ आहे, आकडा वाढला की सुई जाड. म्हणून लेकीने तिकडून पाठवलेली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते आणि आपली ४ची. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे साडेचारच! तेव्हा मिलिमीटर लक्षात ठेवावे, आकड्यावर भांडू नये.

मापायचं कसं? भोकांची पट्टी मिळते. सुई जोर न लावता ज्या सर्वांत लहान भोकातून आरपार जाईल, ते तिचं माप. टोकाशी मापू नये, तिथे ती निमुळती असते. घरात कोणी इंजिनिअर असेल तर व्हर्नियर कॅलिपर मागून घ्यावं आणि मधल्या दांड्यावर दोन-तीन जागी मापावं. बांबूची सुई मधेच झिजलेली असू शकते. मोटर वाइंडिंगवाल्याकडे तार मोजायची गोल पोलादी चकती असते, तीही चालते, कारण आपले नंबर तिच्या नंबरांशी जवळजवळ जुळतात. फक्त सुई कडेच्या खाचेत बसवून पाहायची, आतल्या गोल भोकात नव्हे.

यातलं काहीच हाताशी नसेल तर शिवणाचा दोरा घ्यावा. सुईभोवती चिकटून दहा वेढे द्यावे, सोडून लांबी मोजावी आणि ३१.४ ने भागावं. एकाच वेढ्यावर विसंबलं तर दहा आणि अकरा नंबरातला फरक टेपवर एक मिलिमीटरही दिसत नाही. दहा वेढ्यांत तो आठ मिलिमीटर होतो. दोऱ्याची जाडी मात्र उत्तरात मिसळते, तेवढी वजा करावी लागते. हिशेब नको असेल तर तोच दोरा नंबर माहीत असलेल्या सुईभोवती गुंडाळून दोन्ही लांब्या शेजारी ठेवाव्या. आम्हाला हीच रीत आवडली. मोज्यांच्या चार सुया असतील तर आणखी सोपं: शेजारी-शेजारी चिकटवून रुंदी मोजायची, चाराने भागायची.

त्या डब्यातली राखाडी सुई निघाली ३.२५, म्हणजे दहा नंबर. हिरवी ३, म्हणजे अकरा. मग वीण खरी कोणत्या सुईची? आम्ही पाठ उलटी करून पाहिली. बेजोड सुयांनी विणलं तर एक ओळ सैल, एक घट्ट असे पट्टे दिसतात. इथे एकही पट्टा नव्हता. म्हणजे जोडी एकाच नंबरची होती आणि तिच्यातली एक कुठेतरी हरवली. हिरवी बहुधा बॉर्डरच्या जोडीतली असावी. बॉर्डर आपण एक-दोन नंबर बारीक सुईवर घालतोच.

तरीही सुई कळली म्हणजे काम झालं असं नाही. पाठीवर दहा सेंटिमीटरांत २४ टाके होते. आमच्यापैकी चौघींनी त्याच लोकरीने, दहा नंबरवर नमुना विणला. दोघींचे २२ आले, एकीचे २३, एकीचे २४. दोन टाक्यांनी काय होतं म्हणाल, तर २२च्या हिशेबाने ८० सेंटिमीटर घेरासाठी १७६ टाके घातले आणि हात २४चा निघाला, तर स्वेटर ७३वर येतो. पोराच्या डोक्यातून तो खाली उतरायचा नाही. म्हणून स्वेटर २४वालीच्या हातात दिला. तिचा हात घट्ट म्हणून आम्ही तिला एरवी चिडवतो.

पुढचा भाग आता गळ्यापर्यंत आला आहे, बाह्या राहिल्यात. घरी आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण असेल तर ते पुढच्या शनिवारी आणावं. तापवलेल्या दाभणाने भोकं पाडून, नंबरवाल्या सुयांनी ती बेताची करून, प्रत्येकीला आपली पट्टी बनवता येईल. पुठ्ठा आणू नये, त्याची भोकं चार दिवसांत सैल होतात. आणि कुणाकडे दहा नंबरची एखादी सुटी राखाडी सुई पडून असेल, तर तीही आणावी.