हाताला चटका का लागत नाही?

(पाड्यांवर काम करणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकांच्या शिबिरातील भाषण)



मी डॉक्टर नाही. पण गेली काही वर्षे कुष्ठरोगी बांधवांच्या घरी जाणे-येणे आहे, त्यामुळे मज्जातंतूंविषयी थोडे शिकावे लागले. आपण ‘नस’ म्हणतो तेव्हा रक्ताची शीरही त्यात येते आणि स्नायूची दोरीही. आज मात्र फक्त मज्जातंतू.

मेंदूपासून यांच्या 12 जोड्या निघतात, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून 31. फाटे फुटत फुटत त्या बोटांच्या टोकांपर्यंत पोचतात. काही धागे बातमी आत नेतात : गरम, गार, स्पर्श, दुखणे. काही हुकूम बाहेर आणतात : मूठ वळ, पाऊल उचल. आणखी काही आपल्या नकळत घाम आणतात. ते बंद पडले की कातडी कोरडी पडून भेगा जातात.

या धाग्यांभोवती श्वान पेशी असतात. (हसू नका, श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे!) 1873 साली नॉर्वेत हॅन्सन यांना सापडलेला कुष्ठरोगाचा जंतू नेमका याच पेशींत घर करतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून कातडीजवळून जाणारे मज्जातंतू जास्त सापडतात. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तोच तो अल्नर मज्जातंतू. तो बिघडला की करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते, मग वाकडे होते. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचा गेला तर पाऊल उचलत नाही. आतल्या घोट्यामागचा गेला तर तळव्यात काटा मोडला तरी कळत नाही.

गावात म्हणतात, या रोगाने बोटे झडतात. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी हा समज खोडून काढला. बधिर हात रोज भाजतो, कापतो, जखम चिघळते, आणि बोटे आखूड होतात ती त्यामुळे. एका पाड्यावर मावशी भाकरी परतत होत्या. तव्याची कड हाताला टेकलेली, आणि मावशी आमच्याशी बोलतच होत्या. ओरडलो आम्ही.

अडचण हीच आहे. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून दवाखान्यात कोणी येत नाही. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. 6 किंवा 12 महिने घ्यावे लागते. पण औषध जंतू मारते, मेलेला मज्जातंतू परत आणत नाही. हातापायाची नवी बधिरता किंवा कमजोरी मात्र पहिल्या 6 महिन्यांत डॉक्टरांना दाखवली तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी पुष्कळदा सुधारते. कोर्स संपल्यानंतरही अशी सूज येऊ शकते, तेव्हा “आता बरा झालास” म्हणून भेटी थांबवू नका.

ज्यांचे तळवे बधिर झालेत त्यांनी रोज पाय साध्या पाण्यात भिजवावेत, ओल्या कातडीला तेल लावावे, रात्री दिव्याजवळ तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी बघावेत.

उद्या घरभेटीला जाताना बॉलपेन न्या. समोरच्याला डोळे मिटायला सांगा, चट्ट्यावर आणि तळहातावर टोक हलकेच टेकवा, आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आले नाही, तर त्याच आठवड्यात त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात या.