नुसतं कॉम्प्युटर, की गणिताच्या जोडीनं?

आजचा भाग छोटा आहे, पण बारावी झालेलं कुणी घरात असेल तर त्याला नक्की ऐकवा.

मागच्या आठवड्यात चारठाण्याहून मामेभावाचा फोन आला. "दादा, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स घेऊ, का मॅथ्स आणि कॉम्प्युटर? शुक्रवारी कॉलेजात सांगायचंय." मागून मामांचा आवाज आला, "त्याला विचार, नोकरी कशात लवकर लागती." इंजिनिअरिंगचा विषय घरात आधीच संपला होता. सोयाबीनच्या पैशात चार वर्षांची फी आणि वर होस्टेल, हे बसत नव्हतं. म्हणजे ही तीन वर्षं त्याला वाया घालवून चालणार नाहीत.

आधी दोन्हीतला फरक सांगतो. आपल्याकडे बीएस्सीला पूर्वीपासून तीन विषयांचा ग्रुप असायचा, फिजिक्स-मॅथ्स-कॉम्प्युटर वगैरे. आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा वेगळा कोर्स, ज्यात बहुतेक पेपर कॉम्प्युटरचेच. आता नव्या शैक्षणिक धोरणात त्याला मेजर आणि मायनर म्हणतात, तीन वर्षांत किमान १२० क्रेडिट. नाव काहीही असू द्या, भांडं तेवढंच आहे. त्यात गणित घातलं की कॉम्प्युटरचं काहीतरी बाहेर निघतं. उलटंही तसंच.

जगात हा पेच नवा नाही. ऑक्सफर्डला 'मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स' ही जोडपदवी आहे आणि नुसती कॉम्प्युटर सायन्सचीही आहे. आपल्याकडे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट बीएस्सी ऑनर्सला हे दोन विषय एकत्र शिकवते. बंगळुरूच्या आयआयएससीनं २०२२ मध्ये मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंगचं बीटेक सुरू केलं. त्यामुळे "दोन विषय म्हणजे ना धड हे ना धड ते" हे आपल्याकडचं वाक्य सरसकट खरं नाही.

आता पुढचे दरवाजे बघू. एनआयटीमधून एमसीए करायचं तर निमसेट द्यावी लागते. तिच्यात १२० प्रश्न असतात. त्यातले ५० गणिताचे आणि कॉम्प्युटरचे फक्त २०. मार्कांत मोजलं तर १००० पैकी ६०० गणिताला! शिवाय बीएस्सी किंवा बीसीएला गणित किंवा संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम असते. तिच्यात गणिताचा पेपर आहे, संख्याशास्त्राचा आहे, कॉम्प्युटरचा नाहीच. गेट मात्र तिसऱ्या वर्षाला असताना कुठल्याही शाखेतून देता येते. २०२४ पासून तिच्यात डेटा सायन्स आणि एआयचा पेपरही आलाय.

आणि मामांचा प्रश्न, नोकरीचा? तीन वर्षांनी लगेच कमवायचं असेल तर नुसतं कॉम्प्युटर बरं, कारण हाताला सवय होते. डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, प्रोजेक्ट हे सगळं कॉलेजातच होतं. पण गणितवाल्यांना दार बंद आहे असंही नाही. विप्रोच्या वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅममध्ये बीसीएवाल्यांसोबत गणित, संख्याशास्त्राचे पदवीधरही घेतात.

माझं सांगतो. मी बीटेक कॉम्प्युटर. गणिताचे पेपर मी फक्त पास होण्यापुरते काढले. नोकरीत तिसऱ्या वर्षी टीममध्ये मशीन लर्निंगचं काम आलं. कोड मला चालवता येत होता, पण मॉडेल चुकतंय का, हे समजत नव्हतं. ते काम दुसऱ्याकडे गेलं. नंतर रात्री जागून लिनिअर अल्जेब्रा शिकलो, बारावीच्या वहीपासून. नवीन प्रोग्रॅमिंग लँग्वेज मी महिन्यात उचलतो, गणिताला मला दीड वर्ष लागलं.

म्हणून त्याला म्हटलं, बारावीला गणित आवडत होतं का, हे आधी स्वतःला विचार. आवडत असेल आणि पुढे एमसीए किंवा एमएस्सी करायचं असेल, तर जोडीनं घे. पण मग डेटा स्ट्रक्चर्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम एनपीटीईएलवर स्वतः करावं लागेल, ते व्हिडिओ फुकट आहेत. गणित नकोसं वाटत असेल, तर नुसतं कॉम्प्युटर घे, फक्त मार्कशीटवर गणिताचा पेपर येतो का ते बघ. आणि शुक्रवारी कॉलेजात तीन गोष्टी विचार: गणित किती सेमिस्टर आहे, लॅब आठवड्याला किती तास खरंच चालते, आणि मागच्या बॅचची मुलं आता कुठे आहेत.

मामांना मी एवढंच म्हणालो, "मामा, लवकर लागणारी नोकरी दोन्हीत आहे. पाच वर्षांनी टिकणारी कशात आहे, ते त्याच्या आवडीवर आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, फोन त्यालाच देतो."

शुक्रवारी रात्री मेसेज आला: "दादा, जोडीनं घेतलं. रविवारी डेटा स्ट्रक्चर्स सुरू करू?"

करू म्हटलं. तुमच्या घरातही हाच पेच असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात.