राखेखालचा निखारा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. रविवारी मात्र थंड तारे शोधत बसते. आपल्या चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्यांना तारा थंड असतो हे पटणार नाही, म्हणून थोडं सांगते.

वायूच्या ढगातून ताऱ्यासारखाच एक गोळा तयार होतो. पण त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण ८ टक्क्यांहून कमी असेल, तर पोटातली हायड्रोजनची भट्टी कायमची पेटत नाही. जन्माची ऊब घेऊन तो अब्जावधी वर्षं निवत राहतो. हा तपकिरी बटू. लोक त्याला सर्रास ‘नापास तारा’ म्हणतात.

आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली असा एक बटू जाहीर केला : ग्लीझ २२९ बी. मृगाच्या खालच्या शशक तारकासमूहात, सुमारे १९ प्रकाशवर्षांवर. त्याच्या वर्णपटात मिथेन सापडला, आपल्या कोळसा खाणीत निघतो तोच वायू. ताऱ्याच्या धगीत मिथेन टिकत नाही. ‘ओ’ ते ‘एम’ या जुन्या सात वर्गांत हा बटू बसेना. मग ‘एल’ आणि ‘टी’ हे नवे वर्ग करावे लागले, आणि २०११ मध्ये त्याहून थंड ‘वाय’. २०१४ मध्ये सापडलेल्या एका बटूचं तापमान तर बर्फाच्या आसपास आहे. आपल्या मे महिन्यापेक्षा तो कितीतरी गार!

हे डोळ्यांना दिसत नाहीत, अवरक्त दुर्बिणीला दिसतात. वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रं एकामागून एक पाहायची आणि सरकणारा ठिपका हेरायचा. २०१७ पासून हे काम कुणालाही घरबसल्या करता येतं. माझ्या नावावर अजून एकही शोध नाही.

आठवीतली आलापल्लीची सहल आठवते? शेकोटी विझली म्हणून मी पाणी ओतायला निघाले. आपल्यातल्या एकाने माझा हात धरून राखेवर नेला. “बघ, अजून ऊब आहे.” अवरक्त प्रकाशाचा तो माझा पहिला धडा.

त्याच वर्षी मी मॉनिटर होते. फळ्यावर दोन रकाने आखून मी एकात ‘हुशार’ लिहिलं, दुसऱ्यात ‘ढ’. दुसऱ्या रकान्यात पहिलं नाव त्याचं होतं. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. कारण मी कधी विचारलं नाही.

२०२४ मध्ये कळलं, की ग्लीझ २२९ बी एक नाहीच. एकमेकांभोवती १२ दिवसांत फिरणारे ते दोन बटू आहेत. एवढ्या जाणत्या माणसांची नोंदही २९ वर्षांनी दुरुस्त झाली. माझी तर तेरा वर्षांच्या पोरीने खडूने केलेली होती.

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही. मित्रा, तो रकाना मी आज सगळ्यांसमोर पुसते. जेवताना माझ्या शेजारी बस. तेव्हा न विचारलेलं आज विचारायचं आहे.